दिल्ली–ताश्कंद : आकाशातील जकातनाका

नकाशावर पट्टी ठेवून दिल्लीपासून चेन्नईपर्यंत सरळ रेघ ओढली, तर ते अंतर सुमारे १,७६० किलोमीटर भरते. तीच पट्टी वायव्येकडे फिरवून उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथपर्यंत नेली, तर ते सुमारे १,५८० किलोमीटरच भरते. म्हणजे भारताच्या राजधानीला स्वतःच्या देशातील चेन्नईपेक्षा परदेशातील ताश्कंद जवळचे आहे. विमानाने हा प्रवास तीन तासांच्या आसपास होतो. ‘इंडिगो’ या भारतीय कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीहून ताश्कंद आणि कझाकस्तानातील अल्माटी या दोन शहरांसाठी थेट विमाने सुरू केली, तेव्हा मध्य आशियाचे दार उघडले अशी भावना व्यक्त झाली आणि ती रास्तही होती.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस या अंतराचे काही विपरीतच झाले. दिल्ली जागची हलली नाही, ताश्कंदही हलले नाही. तरी भारतीय विमानांच्या दृष्टीने ही दोन शहरे परस्परांपासून इतकी दूर गेली की, आपल्या ताफ्यातील विमानांच्या पल्ल्यात ही दोन्ही ठिकाणे आता येत नाहीत, असे इंडिगोला जाहीर करावे लागले आणि दोन्ही सेवा थांबल्या. उझबेक विमानांना मात्र, लष्करी संघर्षाचे मोजके दिवस वगळता, जुना मार्ग मोकळाच राहिला. एकाच विमानतळावरून निघून एकाच विमानतळावर उतरणाऱ्या दोन विमानांपैकी एकाला तीन तास पुरत होते आणि दुसऱ्याची सेवा थांबली होती. हे अंतर भूगोलाने ठरविलेले नाही, विमानावरच्या ध्वजाने ठरविलेले आहे. अशा अंतराची किंमत कोण मोजतो, आणि ती मोजण्यास काही मर्यादा असावी की नाही, हा या घटनेने पुढे आणलेला प्रश्न आहे.

निसर्गाची भिंत, राजकारणाचे दार

दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि काराकोरम यांची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे तिबेटचे पठार. विमान या पर्वतांवरून उडू शकत नाही असे नाही. परंतु विमानातील हवेचा दाब अकस्मात घटला, तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच त्याहून अधिक आहे. खाली उतरायला जागाच नसेल, तर तो मार्ग नेहमीच्या वाहतुकीला धोक्याचा. म्हणून दिल्लीहून मध्य आशियाकडे जाणारे विमान पर्वताला वळसा घालून पश्चिमेकडून, म्हणजे पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यावरून जात असे. उत्तरेची वाट निसर्गाने अडविलेली. पश्चिमेचे एकच दार, आणि त्याची किल्ली शेजाऱ्याच्या हाती.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील पर्यटकही होते. भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित केला आणि अटारीची सीमा बंद केली. २४ एप्रिल रोजी पाकिस्तानने भारतात नोंदलेल्या, तसेच भारतीय कंपन्यांच्या मालकीच्या वा त्यांनी भाड्याने घेतलेल्या सर्व विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांसाठी तेच केले. बंदीची मुदत एकेका महिन्याची होती. पण ती दर महिन्याला वाढतच गेली आणि २०२५ संपेपर्यंत एकाही बाजूने मागे घेतली नाही.

हे दार बंद झाल्यावर उरणारा मार्ग म्हणजे गुजरातवरून अरबी समुद्र, तेथून इराणचा किनारा, मग सारा इराण दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून तुर्कमेनिस्तान आणि अखेर ताश्कंद. नकाशावर ठोकळमानाने मोजले, तर हा वळसा चार हजार किलोमीटरांच्या वर जातो. म्हणजे मूळ अंतराच्या अडीचपटीहून अधिक. आणि जून २०२५ मध्ये इस्राएल–इराण युद्ध पेटले, तेव्हा इराणचीही हद्द काही दिवस बंद झाली. एका शेजाऱ्याचे दार बंद म्हणून दुसऱ्याच्या अंगणातून जावे, तर तेथेही आग लागलेली.

जुन्या भांडणाची नवी फेरी

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील आकाशाचे भांडण आजचे नाही. १९५२ मध्ये दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांना पाकिस्तानने आपल्या पश्चिम सीमेवरून जाण्यास मनाई केली, तेव्हा भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे तक्रार नेली होती. पुढे वाटाघाटी होऊन ठराविक मार्गिका मोकळ्या झाल्या आणि तो वाद मिटला. १९६५ च्या युद्धात हद्दी पुन्हा बंद झाल्या. १० जानेवारी १९६६ रोजी लालबहादूर शास्त्री आणि अयूबखान यांनी एका करारावर सह्या केल्या. त्यात दळणवळण पूर्ववत करण्याचा विचार करावा, असेही एक कलम होते. त्यानंतर फेब्रुवारी १९६६ मध्ये परस्परांच्या हद्दीवरून विमाने जाऊ लागली. तो करार ज्या शहरात झाला आणि सही केल्यावर काही तासांतच शास्त्रीजींनी ज्या शहरात देह ठेवला, ते शहर म्हणजे ताश्कंद. आकाश मोकळे करणाऱ्या कराराला ज्या गावाचे नाव मिळाले, त्याच गावाची दिल्लीहून जाणारी भारतीय विमानसेवा २०२५ मध्ये थांबली, हा इतिहासाचा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे ते जाळले गेले. तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते. कराचीहून डाक्क्याला जाणाऱ्या विमानाला साऱ्या भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोमार्गे जावे लागले आणि सुमारे २,३५० किलोमीटरांचे अंतर दुपटीच्या घरात गेले. त्या वर्षीच्या घटनांत या वळशाचा वाटा लहान नव्हता. ही बंदी १९७६ मध्ये उठली. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा हद्दी बंद झाल्या आणि १ जानेवारी २००४ रोजी उघडल्या. २०१९ मध्ये बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानची हद्द मिटलेली होती.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९६६, १९७६, २००४ आणि २०१९ या चारही वेळा आकाश उघडले, तेव्हा काश्मीरचा प्रश्न सुटलेला नव्हता, दहशतवाद थांबलेला नव्हता आणि दोन्ही बाजूंचा अविश्वासही संपलेला नव्हता. मूळ भांडण कायम असताना वाहतूक सुरू झाली. कारण ती बंद ठेवणे दोघांनाही परवडेनासे झाले होते.

कोणाच्या खिशातून?

विमान कंपनीचा खर्च किलोमीटरपेक्षा तासांवर अधिक अवलंबून असतो. जितका वेळ विमान हवेत, तितका वेळ इंधन जळते, वैमानिकांच्या कामाचे तास खर्ची पडतात आणि भाड्याने घेतलेले विमान दुसऱ्या फेरीला मिळत नाही. लांबच्या वळशासाठी जादा इंधन भरावे लागते आणि त्या जादा इंधनाचे ओझे वाहण्यासाठी पुन्हा इंधन जळते. वजनाची मर्यादा गाठली की काही आसने रिकामी ठेवावी लागतात किंवा वाटेत कोठेतरी उतरून इंधन घ्यावे लागते. २०२५ मध्ये एअर इंडियाच्या अमेरिकेकडील काही विमानांना व्हिएन्ना वा कोपनहेगन येथे थांबावे लागले, ते यामुळेच. दिल्ली–वॉशिंग्टन ही थेट सेवा त्या कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली, तेव्हा विमानांच्या दुरुस्तीमुळे आलेल्या तुटवड्याबरोबरच पाकिस्तानची बंद हद्द हेही कारण दिले होते.

हिशेब आकड्यांत मांडला, तर तो असा. २०१९ च्या बंदीत एअर इंडियाला जुलैच्या आरंभापर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. खासगी कंपन्यांचा तोटा धरून ही रक्कम ५५० कोटींच्या आसपास जाते. २०२५ ची बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा भार पडेल, असा अंदाज एअर इंडियाने आरंभीच सरकारला कळविल्याचे वृत्त आहे. पलीकडच्या बाजूलाही सुटका नाही. आपल्या हद्दीवरून जाणाऱ्या प्रत्येक परदेशी विमानाकडून देश मार्गशुल्क घेतो. ही आकाशातील जकातच होय. जकातनाक्याचा अडसर खाली पाडला, की गाडीवानाला वळसा पडतो हे खरे. पण नाकेदाराच्या पेटीतही काही पडत नाही. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात पाकिस्तानच्या विमानतळ प्राधिकरणाला ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न गमवावे लागल्याचे तेथील सरकारनेच राष्ट्रीय सभेत मान्य केले.

म्हणजे दोघेही गमावतात. मात्र सारखे गमावीत नाहीत. १९७१ मध्ये हे शस्त्र भारताच्या हाती प्रभावी ठरले, कारण त्या वेळी भारतावरून जाण्याची गरज पाकिस्तानला अधिक होती. आज चित्र उलटे आहे. पश्चिमेकडे जाणारी भारतीय विमाने पुष्कळ, तर भारतावरून पूर्वेकडे जाणारी पाकिस्तानी विमाने मोजकी. ज्याचा व्यापार मोठा, ज्याची माणसे अधिक हिंडतात फिरतात, त्यालाच रस्ता अडविल्याचा फटका अधिक बसतो. अर्थव्यवस्था जसजशी वाढेल, तसतसे हे शस्त्र भारताला अधिक लागणार आहे. देशाच्या सामर्थ्याबरोबरच त्याची ही दुखरी जागाही वाढते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

तिसरा पक्ष मात्र यात काहीच गमावीत नाही. आखातातील आणि युरोपातील विमान कंपन्यांवर ही बंदी नाही. भारतीय विमानाला वळसा पडला की प्रवासी त्यांच्याकडे वळतो. एखाद्या सरकारने परकीय स्पर्धकाला मुद्दाम अनुदान द्यावे, तसाच हा परिणाम आहे. फरक इतकाच की, ते अनुदान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

तोटा कंपनीच्या ताळेबंदात दिसला, तरी तो तेथेच राहत नाही. तो तिकिटात उतरतो. मध्य आशियात वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. २०२४ मध्ये एकट्या किर्गिझस्तानात त्यांची संख्या सुमारे १५ हजार होती. देशातील खासगी महाविद्यालयांचे शुल्क न झेपणाऱ्या घरांतील ही मुले. त्यांत महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून गेलेली मुलेही आहेत, आणि त्यांचे पालक बहुधा शिक्षक, कारकून, छोटे शेतकरी वा दुकानदार असतात. मे २०२४ मध्ये बिश्केक येथे परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा या पालकांना थेट विमानाची किंमत कळून चुकली. अशा वेळी भारतीय विमानांची वाट बंद असणे म्हणजे परकीय कंपनी मागेल ते भाडे देणे, किंवा तिसऱ्याच देशात विमान बदलून मुलाला परत आणणे. राजधानीतील निर्णयाची जकात अशी खेड्यातील घरात भरली जाते.

सुरक्षितता आणि ध्वज

राष्ट्राच्या सुरक्षेपुढे पैशाचा हिशेब काय मांडायचा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो गंभीर आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. जेथे क्षेपणास्त्रे सुटत आहेत तेथील आकाश बंद करणे हे प्रत्येक सरकारचे कर्तव्यच आहे. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे विमान पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. युक्रेनने त्या भागातील आकाश ३२ हजार फुटांपर्यंतच बंद केले होते आणि ते विमान ३३ हजार फुटांवर होते. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पडले आणि १७६ जणांचा बळी गेला. आकाश वेळेवर बंद न केल्याची ही किंमत होती.

परंतु सुरक्षिततेसाठी केलेली बंदी आणि ध्वज पाहून केलेली बंदी यांत मूलतः भेद आहे. घाटात दरड कोसळली, तर ती एसटीलाही अडविते आणि मालमोटारीलाही. ती फक्त एका रंगाच्या गाडीला अडवू लागली, तर तिला दरड म्हणता येणार नाही. जे आकाश उझबेक विमानाला सुरक्षित आहे, ते भारतीय विमानाला असुरक्षित असण्याचे कारण नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारात हा भेद केलेला आहे. पहिल्या कलमाने प्रत्येक देशाचे आपल्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. परंतु आणीबाणीत वा सार्वजनिक सुरक्षेसाठी आकाश तात्पुरते बंद करण्याचा अधिकार देणाऱ्या नवव्या कलमाने, अशी बंदी विमानाचे राष्ट्रीयत्व न पाहता सर्वांना सारखी लागू असावी, अशी अट घातली. युद्धकाळी वा जाहीर केलेल्या राष्ट्रीय आणीबाणीत ८९ वे कलम देशांना मोकळीक देते, हेही खरे. पण महिन्यामागून महिने नूतनीकरण होत राहणारी बंदी या मोकळिकीत कितपत बसते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

या प्रश्नात भारताची पूर्वीची भूमिका अगदी निर्दोष होती असे नाही. १९७१ मध्ये पाकिस्तानने तक्रार केली, तेव्हा या परिषदेला वादात पडण्याचा अधिकारच नाही, असे भारताचे म्हणणे होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी ते फेटाळले आणि परिषदेचा अधिकार मान्य केला. कतारची कोंडी झाली तेव्हा, १४ जुलै २०२० रोजी, त्याच न्यायालयाने पुन्हा परिषदेचाच अधिकार उचलून धरला. भारताविरुद्ध गेलेला निर्णय आज भारताच्या उपयोगी पडू शकेल, अशी ही परिस्थिती आहे.

हा रोग भारतीय उपखंडापुरताही मर्यादित नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपने रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केले. फिनलंडच्या हेलसिंकीहून टोकियोला सायबेरियावरून साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचणाऱ्या विमानाला उत्तर ध्रुवावरून तेरा तास लागू लागले. चिनी विमाने मात्र रशियावरूनच जात राहिली. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेला येणाऱ्या चिनी विमानांना रशियावरून येण्यास मनाई करावी, असा प्रस्ताव मांडला. एका बंदीतून दुसरी जन्मते, ती अशी.

मार्ग कोणता?

तीन गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. पहिली, या बंदीचा संपूर्ण हिशेब सरकारने दर अधिवेशनात संसदेपुढे ठेवावा. कंपन्यांचा तोटा किती, बंद पडलेल्या सेवा किती, परकीय कंपन्यांकडे गेलेले प्रवासी किती, हे जनतेला कळले पाहिजे. देशाने एखादा त्याग करावयाचा ठरविले, तर तो करण्यास नागरिक कधी कचरले नाहीत. पण त्यागाचा आकडा झाकून ठेवणे हे लोकशाहीला शोभणारे नाही. दुसरी, हा भार राष्ट्रीय धोरणाचा असेल, तर तो सरकारी तिजोरीतून उघडपणे उचलावा. किर्गिझस्तानात शिकणाऱ्या मुलाच्या बापाने तिकिटातून तो मुकाट्याने भरावा, ही वाटणी न्याय्य नाही.

तिसरी गोष्ट अधिक दूरची आणि अधिक महत्त्वाची. चीनच्या शिनच्यांगमधील लष्करी हद्दीतून मार्ग मिळावा यासाठी एअर इंडिया प्रयत्नशील असल्याचे वृत्त नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. एका शेजाऱ्याची किल्ली काढून ती दुसऱ्याच्या कमरेला लावण्याने प्रश्न सुटणार नाही. ध्वज पाहून केलेली बंदी ठराविक मुदतीनंतर आपोआप संपावी, आणि ती वाढवावयाची तर कारण माँट्रियलच्या परिषदेपुढे सिद्ध करावे लागावे, असा नियम भारतानेच पुढाकार घेऊन मांडला पाहिजे. तो भारतालाही बांधील, हे उघड आहे. पण ज्याला रस्त्याची गरज अधिक, त्यालाच रस्त्याच्या नियमांचा लाभही अधिक.

पाकिस्तानशी बोलणी केव्हा आणि कोणत्या अटीवर करावयाची, हा निर्णय सरकारचा आहे. पहलगामचे रक्त इतक्यात विसरावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र आकाश उघडणे ही शेजाऱ्याला दिलेली बक्षिसी नव्हे. त्याने एक इंचही जमीन द्यावी लागत नाही, एकही दहशतवादी माफ होत नाही. १९६६ मध्ये युद्ध संपून पाच महिनेही झाले नव्हते, आणि तरी दोन्ही देशांनी एवढे शहाणपण दाखविले होते. दिल्ली आणि ताश्कंद यांच्यामध्ये आजही १,५८० किलोमीटरच आहेत. उरलेले अंतर माणसांनी घातलेले आहे, आणि ते काढून टाकणेही माणसांच्याच हाती आहे.